गाडीतला वारा कमी का होतो? मोटारीच्या एसीतील दोष शोधण्याची रीत

आपल्या वस्त्यांतून टॅक्सी, टुरिस्ट गाडी, शाळेची व्हॅन किंवा कंपनीची गाडी चालवून संसार चालविणारे अनेक बांधव आहेत. काही सभासदांनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे, आणि आयटीआयमध्ये शिकणारे विद्यार्थीही आपल्यात पुष्कळ आहेत. या सर्वांच्या उपयोगी पडावा म्हणून सदर लेखासाठी एक साधाच विषय निवडला आहे. तो म्हणजे गाडीतल्या एसीचा वारा कमी होणे, मधूनच बंद पडणे किंवा भलत्याच ठिकाणी येणे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु मे महिन्यात एसी बंद असलेल्या टॅक्सीत प्रवासी थांबत नाही, आणि जुलै महिन्यात घाटात समोरची काच आतून धुरकटली व तिच्यावर वारा लागेना, तर चालकाला समोरचे काही दिसत नाही. पहिल्या प्रसंगी धंदा जातो, दुसऱ्या प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून ही चैनीची गोष्ट आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करता कामा नये.

चैन ती एकेकाळी होती हे मात्र खरे. १९३९ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने एसी बसविलेली मोटार विक्रीस काढली, तेव्हा ते यंत्र डिकीतील बरीचशी जागा अडवीत असे आणि ते बंद करावयाचे तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. आपल्याकडच्या पद्मिनी टॅक्सीत पुढच्या दाराची तिकोनी काच वळविली की वारा मिळे. बिघडण्यासारखे त्यात काही नव्हतेच. त्या टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आज साध्या गाडीतही एसी असतो, आणि त्याबरोबर त्याचे दोषही आले.

वारा वेगळा, थंडावा वेगळा

"एसी चालत नाही" असे म्हणत गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुधा पहिले उत्तर मिळते, "गॅस भरावा लागेल." चालक पैसे देतो, चार दिवस बरे वाटते किंवा वाटल्यासारखे होते, आणि पुन्हा तेच. एकाच उन्हाळ्यात दोनदा-तीनदा गॅस भरलेले चालक शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. अशा कित्येक गाड्यांत गॅस पुरेसा असतो, परंतु ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा फिल्टर मात्र धुळीने काळा होऊन चोंदलेला असतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गाडीच्या एसीत दोन स्वतंत्र कामे चालतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि त्यांतून फिरणारा गॅस हे सर्व मिळून थंडावा निर्माण करतात. ब्लोअर म्हणजे विजेचा पंखा, फिल्टर, हवेच्या वाटा आणि त्या वाटांवरची झाकणे, ज्यांना फ्लॅप म्हणतात, हे सर्व मिळून तो थंडावा आपल्यापर्यंत आणतात. गॅस कमी असेल तर वारा जोरात येईल पण गार लागणार नाही. वाऱ्याच्या बाजूला दोष असेल तर वारा थोडा येईल, पण जाळीला हात लावला तर तो चांगला गार असेल. म्हणून गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आपणच आपल्याला एक प्रश्न विचारावा : वारा येत नाही, की वारा येतो पण गार नाही? या एका प्रश्नाने निम्मा खर्च वाचतो.

गॅससंबंधी आणखी थोडे. घरच्या सिलिंडरप्रमाणे हा गॅस जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कोठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता नुसता भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय. जुन्या गाड्यांतील आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण पृथ्वी तापविण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक जोरकस आहे. नळी सैल करून तो हवेत सोडून देण्याची काही ठिकाणची सवय म्हणूनच निषेधार्ह आहे.

आधी कान, मग हात

आता फक्त वाऱ्याचा विचार करू. गाडी उभी करावी, इंजिन चालू ठेवावे, काचा खाली कराव्यात आणि ब्लोअर पहिल्या वेगापासून शेवटच्या वेगापर्यंत एकेक करून चालवावा. हात जाळीसमोर धरावा, पण लक्ष आवाजाकडे द्यावे. पंख्याचा आवाज दर वेगाला वाढत जातो, शेवटी घोंघावतो, आणि तरीही वारा मंदच येतो, तर पंखा ठीक असून हवेच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. पंख्याचा आवाजच वाढत नसेल तर दोष विजेच्या बाजूला आहे. डॉक्टर नाडी पाहतो तशी ही पहिली परीक्षा आहे. तिला एक रुपयाही लागत नाही.

समजा, वाटेत अडथळा आहे. मग तो कोठे आहे हे शोधण्यासाठी गाडीत बाहेरची हवा आणि आतलीच हवा अशी निवड करण्याचे जे बटण असते ते वापरावे. दोन्हींत थोडा फरक असतोच. पण आतल्या हवेवर वारा जोरात आणि बाहेरच्या हवेवर अगदीच मंद येत असेल, तर समोरच्या काचेच्या बुडाशी जी जाळी असते तिच्याखाली कचरा साठलेला असण्याचा संभव आहे. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पिंपळाचे किंवा बदामाचे पान मोठे असते, ते जाळीवर अडून राहते व हाताने उचलता येते. गुलमोहराची बारीक पाने मात्र जाळीतून सरळ आत जातात, पावसात कुजतात आणि त्यांचा लगदा तयार होतो. काही गाड्यांत फिल्टरही याच वाटेवर असतो. उंदीर घरटे करतात तेही बहुधा येथेच.

दोन्ही बाजूंना वारा सारखाच मंद असेल तर फिल्टर काढावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो व हत्यारांशिवाय निघतो. फिल्टर बाहेर ठेवून ब्लोअर मिनिटभर चालवून पाहावा. वारा एकदम वाढला तर चोर सापडला. नवा फिल्टर काही शे रुपयांत येतो. तो बसविताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा बसविणारे लोक आहेत, पण धुतल्याने त्याचे धागे चिकटतात आणि वारा पूर्वीपेक्षाही कमी होतो. साधारण वर्षातून एकदा तो बदलावा. खडी, सिमेंट, माती अशा धुळीच्या रस्त्यावर गाडी फिरत असेल तर त्याहून लवकर.

फिल्टर काढूनही वारा वाढला नाही, तर कूलिंग कॉइलच्या पत्र्यांवर धुळीची गोधडी बसलेली असते. फिल्टरशिवाय वर्षानुवर्षे चालविलेल्या गाडीत हे हमखास आढळते. कॉइल सदैव ओली असल्यामुळे धूळ तिला चिकटते, त्यावर बुरशी येते, आणि एसी सुरू करताच कुबट वास येतो. ती फेसाच्या औषधाने साफ करता येते. तारेचा ब्रश मात्र कधीही वापरू नये, कारण तिचे अॅल्युमिनियमचे पत्रे पातळ असतात आणि नळीला एक चीर पडली की गॅस जातो व नवी कॉइल घालण्यासाठी बहुतेक गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कॉइलवरचे पाणी बाहेर जाण्यासाठी गाडीच्या तळाशी एक रबरी नळी असते. ती तुंबली तर पाणी पुढच्या प्रवाशाच्या पायाशी साचते. गाडीखाली पाणी ठिबकताना पाहून घाबरणारे लोक भेटतात. काळजी करावयाची ती ठिबकणे थांबल्यावर.

शेवटचा वेग चालतो, बाकीचे नाहीत

विजेच्या बाजूचा एक दोष इतका नेमका आहे की आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी तो पाठच करून ठेवावा. चार वेगांच्या साध्या ब्लोअरमध्ये पहिले तीन वेग अजिबात चालत नाहीत आणि चौथ्याला मात्र पंखा पूर्ण जोराने फिरतो. असे झाले की ब्लोअरचा रेझिस्टर गेला. याचे कारण असे की खालच्या वेगांना वीज रेझिस्टरच्या तारांतून जाते. तेथे काही व्होल्ट खर्ची पडतात व पंख्याला कमी मिळतात. शेवटच्या वेगाला रेझिस्टर वगळून वीज सरळ पंख्याला जाते. याउलट खालचे वेग चालतात आणि फक्त शेवटचाच चालत नाही, तर त्या वेगाचा रिले, त्याचा फ्यूज किंवा बटणातील संपर्क तपासावा. कोणताच वेग नाही, तर मुख्य फ्यूज, मोटरचा कपलर, अर्थिंग आणि मोटर या क्रमाने जावे. डॅशबोर्डखाली मोटरच्या डब्यावर हळूच थोपटल्यावर पंखा सुरू होत असेल तर मोटरचे कार्बन झिजले आहेत. ज्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो त्यांत हे चार वेगांचे गणित लागू पडत नाही. तो बिघडला की पंखा एकतर मुळीच फिरत नाही किंवा एकाच वेगाला अडकतो.

परंतु रेझिस्टर बदलला म्हणजे काम झाले असे नाही. पुष्कळ गाड्यांत नवा रेझिस्टर सहा महिन्यांत पुन्हा जातो, आणि दोष "डुप्लिकेट माला"वर ढकलला जातो. खरे कारण पाहू. रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेतच बसविलेला असतो. तो तापतो आणि समोरून जाणारा वारा त्याला गार ठेवतो. फिल्टर चोंदला तर वारा कमी, वारा कमी तर रेझिस्टर जास्त गरम. त्यातच मोटरचे बुश सुकून ती जड फिरू लागली तर ती अधिक अँपिअर ओढते. म्हणजे मेला रेझिस्टर, मारणारा दुसराच. मोटर हाताने फिरवून पाहावी. ती अडखळत असेल, किंवा पंख्यात पान अडकून टकटक वाजत असेल, तर आधी ते दुरुस्त करावे.

आकड्यांतही हे पाहण्यासारखे आहे. पूर्ण वेगाला ब्लोअर साधारण १५ ते २० अँपिअर घेतो. १२ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे २४० वॅट. घरच्या छताचे तीन पंखे चालतील एवढी ही वीज झाली. आता कपलरमधील एखादी पिन सैल होऊन तेथे फक्त एक दशांश ओहमचा अडथळा निर्माण झाला असे धरा. २० अँपिअरला तेथे २ व्होल्ट अडतात व ४० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी, आणि तीही प्लास्टिकच्या लहानशा तुकड्यात. म्हणूनच वितळलेले, काळे पडलेले कपलर आढळतात. असा कपलर दिसला तर तो बदलावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३० च्या जागी ४० चा घालणे किंवा तार गुंडाळणे हे गाडीला आग लावण्याचे साधन आहे, एवढे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

दोष वायरिंगमध्ये की मोटरमध्ये, याचा निकाल मल्टिमीटर देतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट असतात. पंखा शेवटच्या वेगाला ठेवून मोटरच्या दोन तारांवर मोजावे. तेथे साडेतेरा मिळत असूनही पंखा मंद असेल तर मोटर बदलावी. तेथे ११ च मिळत असतील तर मोटर निर्दोष असू शकते. हरवलेले ३ व्होल्ट वाटेत कोठे अडले ते एकेका जोडावर मोजत जावे.

अर्ध्या तासाने वारा कमी होतो

निघताना वारा उत्तम, पनवेल सोडून पुढे आल्यावर हळूहळू कमी, आणि चहासाठी वीस मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले की पूर्ववत. हा दोष गॅरेजमध्ये दाखविता येत नाही, म्हणून चालक वैतागतो. येथे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आणि तोच वारा अडवितो. खात्री करावयाची असेल तर वारा कमी झाल्यावर एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांत वारा वाढू लागला आणि गाडीखाली भरपूर पाणी गळाले, तर बर्फच होता.

कॉइल शून्य अंशाखाली जाऊ नये म्हणून तिच्यावर एक लहान सेन्सर असतो. तो कॉम्प्रेसर वेळेवर थांबवितो. तो बिघडला की बर्फ. फिल्टर चोंदून हवा कमी फिरली तरी बर्फ. आणि आश्चर्य वाटेल, पण गॅस कमी असला तरीही बर्फ धरू शकतो. दाब उतरला की गॅस कमी तापमानाला उकळतो. आर-१३४ए चा उकळबिंदू गेजवर २८ पौंडांच्या आसपास शून्य अंश असतो. दाब त्याहून खाली राहिला तर कॉइलचा काही भाग गोठतो. म्हणजे गॅस भरण्याचा सल्ला नेहमीच खोटा असतो असेही नाही. गेज लावून दाब दाखवून जो मिस्त्री गॅस भरायला सांगतो त्याचे ऐकावे. गेज न लावता सांगतो त्याला गेज लावावयास सांगावे.

वारा आहे, पण भलतीकडे

तोंडावर वारा हवा आणि तो पायांवर किंवा काचेवर जातो, तेव्हा दोष फ्लॅपमध्ये असतो. साध्या गाड्यांत फ्लॅप केबलने ओढला जातो. केबल निसटली की बटण सैल फिरते. नव्या गाड्यांत ते काम छोट्या मोटरी करतात. त्यांची प्लास्टिकची दातेरी चाके झिजली की गाडी सुरू करताच डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते. काही गाड्यांत बॅटरी बदलल्यावर या मोटरी आपली जागा विसरतात. पुन्हा शिकविण्याची रीत त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. जुन्या अमेरिकन गाड्यांत फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालत. तेथे नळी फुटली की सगळा वारा आपोआप समोरच्या काचेवर जाई. तो योगायोग नव्हता. यंत्र बिघडले तर निदान काच स्वच्छ राहावी, असा बनविणाऱ्यांचा विचार होता.

आपोआप चालणारा एसी कॅडिलॅक कंपनीने १९६४ च्या मॉडेलपासून दिला. आपल्याकडच्या अनेक गाड्यांतही आता तो असतो, आणि त्याच्याविषयी येणाऱ्या बऱ्याच तक्रारी मुळात दोषच नसतात. २४ अंश ठरवून दिले व गाडी तेवढी गार झाली की पंखा स्वतःहून मंद होतो. शंका असल्यास हाताने पंखा पूर्ण वेगाला नेऊन पाहावा. या यंत्राला उन्हाचा अंदाज देणारा सेन्सर डॅशबोर्डच्या माथ्यावर असतो. त्यावर टॉवेल, हार किंवा मूर्ती ठेवली तर यंत्राला भर दुपारी ढगाळ वाटते.

पावसाळ्यातील काच

पावसात गाडीत चार ओली माणसे बसली की आतली हवा दमट होते व तिची वाफ गार काचेवर धरते. आतलीच हवा फिरविण्याचे बटण चालू असेल तर ही वाफ बाहेर जातच नाही. अशा वेळी बाहेरची हवा घ्यावी, वारा काचेकडे वळवावा आणि एसी चालू ठेवावा, कारण कूलिंग कॉइल हवेतील पाणी काढून घेते. फडक्याने काच पुसत गाडी चालवू नये. धुरकटपणा बाहेरच्या बाजूने असेल तर उलट काच फार गार झाली आहे असे समजून वायपर फिरवावा व तापमान थोडे वाढवावे. पावसाळ्याच्या तोंडी काचेकडचा वारा एकदा तपासून घेणे हे ब्रेक तपासण्याइतकेच गरजेचे आहे.

येथेच एक इशारा देणे भाग आहे. रात्रपाळीचे अनेक चालक एसी लावून, काचा बंद करून गाडीत झोपतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सर गळका असेल किंवा गाडी बंदिस्त जागेत उभी असेल, तर तो आत येऊन झोपलेला माणूस जागा होत नाही. विश्रांती घ्यावयाची असेल तर इंजिन बंद करून, काचा थोड्या उघड्या ठेवूनच घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन हे तीन ट्रेड वेगळे शिकविले जातात. गाडीच्या एसीचा दोष मात्र या तिन्हींच्या सीमेवर असतो, आणि म्हणून पुष्कळ वेळा तो कोणालाच सापडत नाही. केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार नव्याने तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकच्या चालक-केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे ट्रक खडीच्या खाणी व मातीच्या रस्त्यांवर फिरणार, तेव्हा त्यांचे फिल्टर चोंदणार आणि रेझिस्टर जळणार. हे काम करू इच्छिणाऱ्याने सुरुवातीला एक टेस्ट लॅम्प, एक मल्टिमीटर, कॉइलपर्यंत पोहोचणारी बारीक टॉर्च आणि जाळीत खुपसता येणारा थर्मामीटर एवढे जवळ ठेवावे. साध्या मल्टिमीटरची अँपिअर मोजण्याची मर्यादा बहुधा १० असते. ब्लोअरची वीज त्यातून मोजली तर मीटरचाच फ्यूज उडेल. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा, आणि विकत घेताना तो फक्त एसी विजेचा नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.